रणनवरे सरांचा दहावा चषक

"कुणाविरुद्ध खेळायचंय?" मी विचारलं.

श्रीधर हेंद्रे जरा गोंधळले. त्यांनी काउंटरवर ठेवलेल्या टेबल टेनिसच्या बॅटचं रबर एका कडेनं सुटलं होतं, आणि मधला भाग इतका झिजला होता की चेंडू त्यावरून नुसता घसरला असता. ते काढून त्याच जातीचं नवं लावून द्यायचं, एवढंच त्यांचं काम होतं. रबर निवडण्याआधी समोर कोण आहे हे बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

"तसं कुणाविरुद्ध असं नाही, ताई," ते म्हणाले. "टेबल टेनिस मंडळाची जानेवारीतली स्पर्धा. चाळिशीपुढचा गट."

"म्हणजे रणनवरे सर."

"तिथपर्यंत पोचलो तर."

ही दोन हजार पाचच्या डिसेंबरातली गोष्ट. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं खेळाच्या सामानाचं दुकान तेव्हाही होतं, आजही आहे. विक्रीला माणूस ठेवला होता, पण बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा विणणं, आणि टेबल टेनिसच्या बॅटला रबर लावणं ही दोन कामं मी कुणाला करू देत नसे. कराड, वाई, फलटणहून लोक बॅट घेऊन यायचे. संजीवनी सुतारनं लावलेलं रबर वर्षभर कडा सोडत नाही, असं म्हणायचे.

हेंद्रे जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. वय सेहेचाळीस, बोलणं हळू, समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही कोर्टातली सवय. सात वर्षं ते या स्पर्धेत खेळत होते आणि त्यातली पाच वर्षं रणनवरे सरांशीच हरले होते. त्यांनी मला सांगितलं की जिंकण्याचं वगैरे काही मनात नाही, पण या पाच वर्षांत सरांकडून एक गेमसुद्धा घेता आलेला नाही. एक गेम घ्यायचा होता. तेवढं झालं की समाधान.

अविनाश रणनवरे मंडळाचे सचिव. छप्पन्न वर्षांचे, पण पोट नाही, केस काळे केलेले, टेबलापाशी उभे राहिले की अजूनही लोक बोलणं थांबवायचे. सलग नऊ वर्षं प्रौढ गटाचा चषक त्यांच्याकडे होता. चषकही त्यांच्याच वडिलांच्या नावाचा. दहाव्या वर्षी जिंकले की त्यांचा मोठा फोटो हॉलमध्ये लावायचा, असा ठराव कमिटीनं केला होता. फ्रेमवाल्याचं दुकान माझ्या शेजारीच, त्यामुळे ती फ्रेम मी स्पर्धेच्या दीड महिना आधीच पाहिली होती. सागवानी, चार बोटं रुंद.

साताऱ्यात तुम्ही कुणालाही विचारलंत तर सांगतील की संजीवनीला रणनवरे सरांनी घडवलं. खोटं नाही ते. मी एकोणीस वर्षांत एकही सामना खेळले नव्हते, हेही त्या घडवण्यातच आलं.

मी हेंद्रेंची बॅट हातात घेतली आणि त्यांना दोन चेंडू मारून दाखवायला सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत एक टेबल होतं. गिऱ्हाइकाला बॅट घेण्याआधी तिथे चार फटके मारून बघता यायचे. मी चेंडू दिले, त्यांनी परत मारले. फोरहँड बेताचा. पण बॅकहँडला मी थांबले. मनगटाची एक छोटी, मऊ हालचाल होती आणि चेंडू टेबलाच्या कोपऱ्यात जाऊन पडत होता. न शिकवलेला, स्वतःचा स्वतः सापडलेला फटका. त्यांनी सांगितलं की घरच्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची जाळी करून मुलीबरोबर खेळताना तो हातात बसला. रविवारी दोघं खेळत. मुक्ता तिचं नाव, सातवीत होती.

कुठल्याही दुकानदारानं त्या बॅकहँडसाठी एक चांगलं मऊ स्पंजचं रबर दिलं असतं. मीही दिलं असतं, समोर दुसरं कुणी असतं तर.

मी खालचा खण उघडला आणि लाँग पिंपलचं पाकीट काढलं. हे रबर गुळगुळीत नसतं. त्यावर बारीक, लांब खुंट्या असतात, आणि चेंडू लागला की त्या वाकतात. समोरच्यानं चेंडूला जी फिरकी दिलेली असते ती तशीच चेंडूत राहते आणि त्याच्याकडे परत जाताना उलटी होऊन जाते. त्यानं जेवढा जोरात फिरवून मारला, तेवढा तो परत आलेला चेंडू त्याच्या बॅटला लागून जाळीत जातो. आपण काही करायचं नसतं. फक्त बॅट पुढे धरायची. रणनवरे सरांचा सगळा खेळ फिरकीच्या जोरकस फोरहँडवर उभा होता, आणि आमच्या प्रौढ गटात कुणीच पिंपलनं खेळत नव्हतं.

"हे बॅकहँडच्या बाजूला लावू," मी म्हणाले. "तुमच्या हाताला हे शोभतं."

हेंद्रेंनी खुंट्यांवरून अंगठा फिरवला. आपल्याला याची सवय नाही, बॅकहँड मारता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सवय मी करून देते. रोज सकाळी साडेसहाला या, कोर्टात जायच्या आधी तासभर.

त्यांच्यासमोरच मी ते लावलं. जुनं रबर मुठीच्या कोपऱ्यापासून हळूहळू सोलून काढलं, प्लायवर, म्हणजे बॅटच्या लाकडावर, राहिलेल्या चिकटवायच्या सोल्युशनची सालं अंगठ्यानं घासून गोळा केली, लाकूड ओल्या फडक्यानं पुसून कोरडं केलं. मग ब्रशनं पातळ हात दिला, एक लाकडावर आणि एक रबराच्या पाठीवर. चकाकी जाईपर्यंत थांबायचं असतं, लोक तिथेच घाई करतात. स्पंज नसलेलं पिंपलचं रबर कागदासारखं पातळ असतं. लावताना जरासं ताणलं गेलं तर खुंट्या तिरक्या होतात आणि पंच बॅट बाद करतो. मी मुठीपाशी कड जुळवली आणि लाटण्यानं, वजन न देता, पुढे सरकवत नेलं. कडा ब्लेडनं कापल्या. हेंद्रे म्हणाले, तुमचा हात बघत राहावा असा आहे, ताई. मी ते मनावर घेतलं नाही. मी त्या वेळी फायनलच्या विचारात होते.

सहा आठवडे ते आले. थंडी मरणाची होती, यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगानं वारा यायचा, आणि हा माणूस मफलर बांधून सव्वासहालाच शटरपाशी उभा असे. मी बादलीभर चेंडू घेऊन टेबलाच्या पलीकडे उभी राहायची. सामना खेळणं मी सोडलं होतं, पण चेंडू मारून द्यायला काही अडचण नव्हती, आणि रणनवरे सरांची सर्व्हिस तर मला अगदी तशीच्या तशी करता यायची. उजवा खांदा किंचित खाली, बॅट चेंडूखालून डावीकडे, आणि लगेच फोरहँडला तयार. रोज शंभर सर्व्हिस, शंभर फोरहँड. हेंद्रेंनी फक्त बॅट धरायची.

पहिल्या आठवड्यात त्यांचं मनगट सारखं हलायचं. मी ओरडायचे.

"मारायचं नाही. नुसतं परत टाकायचं."

"एखादा मारू का? हा चांगला आला होता."

"नाही."

ते ऐकायचे. तो माणूस ऐकणाऱ्यांतलाच होता, म्हणून तर मी त्याला निवडलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मनगट हलायचं थांबलं. चौथ्या आठवड्यात समोरून काहीही आलं तरी बॅट भिंतीसारखी उभी राहायला लागली. एकदा घाम पुसताना त्यांनी विचारलं की माझ्यासाठी तुम्ही एवढं कशाला करता. मी म्हटलं, चांगलं गिऱ्हाईक आहात. ते लाजल्यासारखे झाले आणि दुसऱ्या दिवशी घरून डब्यात तिळाच्या वड्या घेऊन आले. मी त्या खाल्ल्या.

स्पर्धा सव्वीस जानेवारीनंतरच्या शनिवारी आणि रविवारी होती. शनिवारी हेंद्रे दोन सामने जिंकून फायनलला पोचले. सर ड्रॉच्या दुसऱ्या अर्ध्यातून आले. इतरांचे सामने बघायची त्यांना कधी गरज वाटत नसे. दुपारी चारच्या सुमाराला मी दुकानात एका गिऱ्हाइकाचं बिल फाडत होते, तेवढ्यात ते स्वतः आत आले आणि बॅट काउंटरवर ठेवली.

फोरहँडच्या बाजूचं रबर वरच्या कडेला सुटून फुगलं होतं. उद्या फायनल, एवढं नीट करून दे, म्हणाले. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात मी बॅट देत नाही, असंही म्हणाले, आणि स्टुलावर बसले. मी चहा मागवला.

मी रबर सोलायला घेतलं.

"हेंद्रेनं काहीतरी पिंपल लावलंय म्हणे," ते म्हणाले. "तूच दिलंस का?"

"हो सर."

"असू दे. त्या बिचाऱ्याला काय उपयोग त्याचा. पिंपलनं खेळायला डोकं लागतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुझ्याकडे होतं. आठवतं तुला? आमची केतकी तेव्हा पिंपलवाल्या मुली समोर आल्या की रडायची. पुण्यातल्या दोघी-तिघी होत्या, त्यांच्यापुढे तिचं काही चालायचंच नाही. मग तुला ते लावून दिलं आणि दोन वर्षं तुझ्यासमोर खेळवलं तिला. तिचं राज्याचं पदक आहे ना, त्यात तुझा वाटा आहे. मी सगळ्यांना सांगतो."

ते हे कौतुकानं सांगत होते. मी मान खाली घालून प्लायवरचं जुनं सोल्युशन घासत राहिले.

मला आठवत होतं. सोळाव्या वर्षी मी जिल्ह्यात पहिली होते. फोरहँड मारला की समोरची मुलगी बॅट खाली घ्यायची, इतका तो जोरात जायचा. वडील फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे, संध्याकाळी थकून आले तरी मला न्यायला मंडळात यायचे आणि दारातून माझा खेळ बघत उभे राहायचे. एक दिवस सरांनी माझी बॅट मागून घेतली. दोन दिवसांनी परत दिली तेव्हा तिच्यावर पिंपल होतं. तुझ्या हाताला हे शोभतं, म्हणाले. मारायचं नाही, नुसतं परत टाकायचं. मी दोन वर्षं परत टाकत राहिले. टेबलाच्या पलीकडे रोज केतकी, त्यांची मुलगी. ती मारायची, मी परत टाकायची. हरायला लागले तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी कमी पडतंय. मी आणखी लवकर मंडळात जायला लागले.

अठराव्या वर्षी पुण्याला राज्याच्या निवड चाचणीत मी पहिल्याच फेरीत हरले. हॉलच्या मागच्या पॅसेजमध्ये नळावर तोंड धूत होते. कोपऱ्याच्या पलीकडे निवड समितीतल्या कुणीतरी सरांना विचारलं की तुमच्याकडे खेळणारी ती दुसरी मुलगी एके काळी फार छान मारायची, तिचं काय झालं. सर म्हणाले, "ती केतकीच्या सरावासाठी आहे."

मी परत आल्यावर पिंपल काढून टाकलं आणि गुळगुळीत रबर लावलं. वर्षभर प्रयत्न केला. फोरहँड मारायला हात वर जायचा आणि मध्येच थांबायचा, बॅट आपोआप पुढे धरली जायची. हाताला सवय लागली ती लागलीच. वडिलांना मी सांगितलं की अभ्यासामुळे खेळ सोडतेय. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, फक्त संध्याकाळी मंडळाच्या रस्त्यानं यायचं बंद केलं.

आणि आता सरांची बॅट माझ्यासमोर उघडी पडली होती. सोल्युशनचा एक थेंब जास्त, स्पंजखाली एक केसाएवढा बुडबुडा, कडेला अर्धा मिलिमीटर उंचवटा, यातलं काहीही चाललं असतं. सर पाठमोरे होऊन रस्त्याकडे बघत होते. पाचव्या-सहाव्या फटक्याला चेंडू टेबलाबाहेर जायला लागला असता आणि त्यांना कारण कळलंही नसतं.

मी तसं केलं नाही, आणि त्यात चांगुलपणाचा काही भाग नव्हता. खराब बॅटनं हरलेला माणूस बॅटला नावं ठेवतो आणि घरी जाऊन जेवतो. मला त्यांच्याजवळ कुठलंही कारण उरू द्यायचं नव्हतं.

मी त्या दिवशी लावलं तसं रबर आयुष्यात लावलं नाही. सोल्युशन दोनदा गाळून घेतलं. प्लायचा एक तंतू उभा राहिला होता तो बारीक कागदानं बसवला. पातळ हात, मग वीस मिनिटं थांबले, मग दुसरा पातळ हात. स्पंज टेकवताना श्वास धरला. लाटणं फिरवलं, कडा कापल्या, मग खिडकीच्या उजेडात धरून चारी बाजूंनी बघितलं. सरांनी बॅट हातात घेतली, तळहातावर आपटून आवाज ऐकला आणि खूश झाले.

"उद्या ये हं बघायला," ते म्हणाले. "फोटो लावणार आहेत. केतकी पण येतेय पुण्याहून."

रविवारी सकाळी अकराला हॉल भरलेला होता. समोरच्या भिंतीवर फ्रेम आधीच टांगून ठेवलेली, तिच्यावर भगवी शाल. पहिल्या रांगेत केतकी बसली होती, जाड झाली होती, मांडीवर पर्स. तिनं मला बघून हात केला. मीही केला. पंच म्हणून कराडचे मोमीन सर आले होते, हायस्कुलातले शिक्षक, नियमाला फार कडक.

पहिल्या गेमला सरांनी नेहमीची सर्व्हिस केली आणि नेहमीसारखे फोरहँडला तयार राहिले. हेंद्रेंनी बॅट धरली. चेंडू परत गेला, सरांनी पूर्ण ताकदीनं फिरवून मारला, हेंद्रेंनी बॅट धरली, चेंडू परत गेला, सरांनी पुन्हा मारला आणि तो जाळीत. त्यांनी बॅटकडे बघितलं. पुढचा पॉइंट तसाच. त्याच्या पुढचाही. गेम अकरा-सहा हेंद्रेंचा झाला तेव्हा हॉलमध्ये कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, लोकांना आपण काय बघतोय तेच कळत नव्हतं.

हेंद्रेंनी खुर्चीवर बसून पाणी प्यायलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना हवा होता तो एक गेम मिळाला होता. चेहरा उजळला होता. मी मान हलवली नाही. बोटानं फक्त टेबल दाखवलं.

दुसरा गेम सरांनी डोकं वापरून घेतला, अकरा-आठ. हळू, फिरकी न देता, हेंद्रेंच्या फोरहँडला खेळले. तसेच खेळत राहिले असते तर जिंकले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण नऊ वर्षं लोक ज्यासाठी येत होते तो त्यांचा फोरहँड होता, आणि मुलगी पहिल्या रांगेत होती, आणि भिंतीवर शाल होती. तिसऱ्या गेमच्या मध्यावर ते पुन्हा मारायला लागले. जितकं जोरात मारत गेले तितकं जाळीत जात राहिलं. एकदा चेंडू जाळीच्या तळाशी आपटून त्यांच्याच पायापाशी आला, तेव्हा मागून कुणीतरी हसलं. सरांनी वळून बघितलं. त्यांना कुणी हसल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तिसरा गेम अकरा-सात. सरांनी मोमीन सरांना बोलावलं आणि समोरच्याचं रबर तपासायला सांगितलं. मोमीन सरांनी मान्य रबरांची यादी काढली, नाव जुळवलं, खुंट्या बघितल्या, बॅट हेंद्रेंना परत दिली. चौथा गेम अकरा-चार झाला. शेवटचा चेंडू सरांनी मारला नाहीच, नुसता जाऊ दिला.

मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला फार बरं वाटलं. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले, कारण उभी राहिले असते तर हसले असते.

सरांनी हेंद्रेंशी हात मिळवला नाही. ते सरळ माझ्यासमोर आले. घामानं केसांचा रंग कानशिलावर ओघळला होता.

"माझ्या बॅटला काय केलंस तू?"

मी काही बोलायच्या आत मोमीन सर मागून आले. आरोप झालाय तर तपासायला हवं, म्हणाले. त्यांनी सर्वांसमोर टेबलावर रुमाल पसरला, त्यावर सरांची बॅट ठेवली, जाडी मोजली, पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून उजेडात डोळा लावला, कडेवरून नख फिरवलं. दोन मिनिटं तरी गेली असतील. मग त्यांनी बॅट उचलून सरांच्या हातात दिली.

"सर, या स्पर्धेत इतकं नीट लावलेलं रबर दुसरं नाही," ते म्हणाले. "बॅटमध्ये काही नाही."

सर बॅट धरून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते खरंच काहीतरी शोधत होते.

"तुला मी शिकवलं, संजीवनी," ते हळू म्हणाले.

"हो सर," मी म्हणाले. "केतकीच्या सरावासाठी."

मी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण पहिल्या रांगेत गेलं. सरांना चटकन कळलं नाही. केतकीला कळलं. तिनं मान खाली घातली, पर्सचा बंद उघडला, पुन्हा लावला. मग उठून आली, वडिलांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "बाबा, चला." पण त्यांना जाता येईना. चषक त्यांच्या वडिलांच्या नावाचा होता, आणि सचिव म्हणून तो द्यायचाही त्यांनीच होता. त्यांनी तो हेंद्रेंच्या हातात दिला. फोटोग्राफरनं इकडे बघा म्हटलं तेव्हा त्यांनी बघितलं. शालीला कुणी हात लावला नाही.

त्या रात्री मी गाढ झोपले.

गुरुवारी सकाळी साडेसहाला शटर वाजलं. हेंद्रे मफलर बांधून उभे होते. मला वाटलं सवयीनं आले असतील. त्यांनी बॅट काउंटरवर ठेवली आणि पिंपल काढून साधं रबर लावून द्या म्हणाले.

मी विचारलं, काय झालं.

त्यांनी मफलर सोडून हातात घेतला. मग म्हणाले की रविवारी तुम्ही सरांना जे म्हणालात ते मी ऐकलं, आणि नंतर मंडळातल्या जुन्या लोकांना विचारून घेतलं.

"वाईट केलं त्यांनी तुमचं," हेंद्रे म्हणाले. "पण मग मी कशासाठी होतो, ताई?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "त्यांना हरवायला," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. कोर्टात साक्ष उतरवून घेताना डोलवत असतील तशी.

"मला एक गेम घ्यायचा होता. माझ्या हातानं." ते थांबले. "काल मुक्ताबरोबर खेळायला उभा राहिलो. घरच्या जुन्या बॅटनं, साध्या रबराच्या. ती म्हणाली बाबा, तुमचा तो कोपऱ्यातला मारा ना. मारायला गेलो आणि हात पुढे जाऊन नुसता थांबला. दहा वेळा केलं. दहाही वेळा थांबला. ती म्हणाली, राहू दे बाबा, कंटाळा आला."

ते तक्रार करत नव्हते. जे झालं ते सांगत होते.

मी पिंपल सोललं. कड धरून ओढताना प्लायचा एक पापुद्रा निघाला, आणि तसं माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. तो जागच्या जागी चिकटवून मी वर मऊ स्पंजचं रबर लावलं. पहिल्या दिवशीच द्यायला हवं होतं ते. बॅट त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, उद्यापासून रोज या. ते म्हणाले, आता कशाला. मी म्हटलं, या.

चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी आले. मी बादली घेऊन पलीकडे उभी राहिले आणि त्यांच्या बॅकहँडला चेंडू द्यायला लागले, एकामागून एक, सोपे, फिरकी नसलेले. त्यांची बॅट पुढे येऊन थांबायची. मी पुढचा चेंडू द्यायचे. ओरडले नाही. सर त्यानंतर दुकानात कधी आले नाहीत, आणि त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. हेंद्रेंना मात्र मी माफ करा असं कधी म्हणाले नाही. ते शब्द दोन-तीनदा तोंडाशी आले, पण समोर चेंडू द्यायचा असायचा.

मार्च गेला. एप्रिलमध्ये सकाळीही उकडायला लागलं. एक दिवस त्यांनी चेंडू बघितला, मनगट हललं, आणि तो माझ्या डावीकडच्या कोपऱ्यात पडून भिंतीवर गेला. मी तसाच दुसरा दिला. तोही कोपऱ्यात गेला. मग तिसरा.

हेंद्रे मेमध्ये मुक्ताला घेऊन दुकानात आले. मी त्या दोघांना मागच्या टेबलावर खेळायला सोडलं आणि बाजूला उभी राहिले. थोड्या वेळानं मुक्तानं आपली बॅट माझ्यापुढे धरली, तुम्हीही या म्हणाली. मी ती घेतली. बाबांची बॅट घेऊन तिनं हळू, उंच चेंडू दिला, मारायला अगदी सोपा. माझा हात वर गेला, मध्येच थांबला, आणि बॅट पुढे धरली गेली.